भागूच्या अंगठ्यातला उजेड

माझ्या धाकट्या बहिणीला घरात कोणीही तिच्या नावाने हाक मारत नाही. लहानपणी एकदा झुरळाला घाबरून ती कपाटावर चढून बसली, तिथे पाल दिसली म्हणून वरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्या दिवसापासून ती भित्री भागूबाई झाली. पुढे बाकीचं गळून नुसती भागू उरली. आता तिला एक लेक आहे, तरी ती भागूच.

भागू कशाला भीत नाही ते विचारा. लिफ्टला भिते, दाताच्या डॉक्टरला भिते, अवेळी वाजलेल्या फोनला भिते. नवरा मालाचा ट्रक घेऊन लांब जातो, तो सुखरूप पोचेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही. मी तिच्या अगदी उलट. मी शिवणकाम करते, माझं छोटं दुकान आहे, आणि माझी कात्री जास्त धारेची की जीभ याबद्दल गिऱ्हाइकांचं एकमत नाही. भागूची चेष्टा करणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे असं मी समजत आले.

अशा बाईला नोकरी कुठे मिळावी? एका प्रयोगशाळेच्या तळघरात, अंधाऱ्या खोलीत, उंदरांबरोबर! कळलं तेव्हा मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. आई म्हणाली, "इतकं शिकवलं, डोंगर पोखरून उंदीर काढला." घरी लेकीचं लाडाचं नाव माऊ, त्यामुळे आमच्या विनोदांना तर तोटाच नव्हता. भागू मात्र तिथे टिकली. पांढरेशुभ्र उंदीर तळहातावर घेऊन ती त्यांच्याशी बोलायची म्हणे. "तेही माझ्यासारखेच सारखे दचकतात गं," असं तिचं म्हणणं.

तिचं काम तिने मला एकदा नीट समजावलं होतं. लहानपणी आम्ही टॉर्चवर तळहात ठेवून बोटं आतून लाल दिसतात का ते बघायचो, तशातलाच प्रकार. माणसाच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी घेतात. त्या पेशींत अशी काही करामत केलेली असते की एका रंगाचा प्रकाश टाकला की त्या दुसऱ्याच रंगात चमकतात. त्या पेशी उंदराच्या मेंदूत सोडतात. मग दर आठवड्याला उंदराला भूल द्यायची, डोक्यावरचे केस मलम लावून काढायचे, त्याला ऊबदार पाटीवर झोपवायचं आणि काळ्या डब्यात कॅमेऱ्याखाली ठेवायचं. कातडी कापायची नाही, कवटीला भोक पाडायचं नाही. आतली गाठ हाडातून, कातडीतून चमकते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. ठिपका पसरला तर दुखणं वाढलं, लहान झाला तर औषध लागू पडलं. पूर्वी हे बघायला प्रत्येक वेळी उंदीर मारावाच लागायचा. आता तोच उंदीर पुन्हापुन्हा बघता येतो. भागूला याचंच कौतुक होतं. भुलेतून उंदीर उठेपर्यंत ती त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची, कारण हा उठलाच नाही तर काय, ही भीती तिला दर उंदरागणिक नव्याने वाटायची.

"आणि त्या पेशी कोणाच्या?" मी विचारलं होतं.

"कोणाच्या तरी. तो माणूस केव्हाच गेला, ताई. पेशी मात्र बाटलीत वाढताहेत अजून."

माझ्याही अंगावर तेव्हा काटा आला होता, पण मी तसं दाखवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी भागू माऊला घेऊन माझ्या दुकानात येते. त्या दिवशी आली तर माऊचे केस म्हणजे नुसता गुंता. पहिलीत जाणारी पोर, नेहमी दोन घट्ट वेण्या घातलेली. ती सरळ माझ्या पुढ्यात येऊन पाठ करून बसली आणि म्हणाली, "मावशी, तू घाल ना वेणी. आई नाही घालत."

"का गं? आईला काय झालं?"

"आईचा हात मला लावायचा नसतो."

मी भागूकडे पाहिलं. ती दाराशीच उभी होती, डाव्या हाताची मूठ घट्ट मिटून, अंगठा आत दडवून. मुठीतून पट्टीचं टोक दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "काय भागूबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची?" एरवी ती उसनं का होईना, हसते. त्या दिवशी हसली नाही. तिचा चेहरा पाहून माझ्या हातातला कंगवा थांबला. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि इतक्या दिवसांत मला ते दिसलं नव्हतं कारण मी गिऱ्हाइकांचे ब्लाउज बसवण्यात दंग होते.

माऊला मी बटणांचा डबा दिला, रंगाप्रमाणे वेगळी कर म्हटलं. भागूला हाताला धरून कपडे घालून बघायच्या पडद्यामागे ओढलं. ती डावा हात मागे खेचत राहिली.

"ताई, त्या हाताला नको. माझ्या अंगठ्यात काहीतरी चमकतंय."

आधी मला कळलंच नाही. मग तिने कुजबुजत सगळं सांगितलं. तिची सांगायची पद्धत अशी की शेंडा आधी आणि बुडखा मागून, पण गोष्ट सरळ होती.

तिथे एक नियम आहे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. तशीच उघडी सुई पिवळ्या डब्यात टाकायची. हा नियम नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण बहुतेक जणांना सुई टोचते ती टोपण लावतानाच. पण आमच्या भागूला उघड्या सुईची भीती! त्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ, उंदरांच्या मेंदूत त्या पेशी सोडत होत्या आणि भागू सुया हातात देत-घेत होती. पिवळा डबा खोलीच्या पलीकडच्या टोकाला राहिलेला. एवढ्या माणसांमधून उघडी सुई घेऊन जायची, कोणाला लागली तर? म्हणून तिने टोपण लावलं. सुई टोपणात न जाता हातमोज्यातून डाव्या अंगठ्यात गेली. सुईत पेशी उरलेल्या होत्या.

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"नियम मीच मोडला होता ना. काढून टाकलं असतं मला." मग थोडं थांबून तिने खरं कारण सांगितलं. "आणि सांगितलं असतं तर कोणीतरी मोठ्याने म्हणालं असतं की आता तुलाही होणार. ते मला ऐकवलं नसतं."

मग तिने काय केलं? जे जगात फार थोड्या माणसांना करता येईल ते केलं. काम संपवून सगळे चहाला गेले की ती काळा डबा उघडायची, उंदीर झोपतो त्या पाटीवर अंगठा टेकवायची आणि दिवा लावायची. रोज. सुरुवातीला पडद्यावर काहीच नाही. अंधारात अंधार. ती देवाचे आभार मानून घरी यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितल्याशिवाय राहवायचं नाही. आणि मग एके दिवशी टोचल्या जागी एक बारीक ठिपका उजळला. त्यानंतर तो दर दिवशी मोठा होत गेला.

"मी उंदरांमध्ये असे ठिपके बघितलेत, ताई. किती बघितलेत. पुढे काय होतं ते मला माहीत आहे."

तेव्हापासून तिने माऊला तो हात लावू दिला नव्हता. आंघोळ नाही, वेणी नाही, रस्ता ओलांडताना हात नाही. माऊ पिशवीचा बंद धरून चालायची. एकदा पोरीने मागून येऊन तोच हात पकडला, तर भागू किंचाळली आणि तिला ढकलून दिलं. पोर भिंतीवर आदळली. हे सांगताना भागूने तोंडात पदर कोंबला, बाहेर बटणं मोजणाऱ्या माऊला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता मी काय सांगू? मी कोणाला न घाबरणारी बाई. पडद्यामागच्या त्या आरशात आम्ही दोघी दिसत होतो आणि दोघींचे चेहरे सारखेच दिसत होते. मी तिला काय बोलले असेन? "मूर्ख आहेस," असं बोलले. घाबरले की मला रागच येतो. माऊला शेजारच्या इस्त्रीवालीकडे ठेवलं, दुकानाचं शटर ओढलं आणि भागूला घेऊन प्रयोगशाळा गाठली. सुट्टीच्या दिवशीही मोठ्या बाई तिथेच असतात, हे मला ठाऊक होतं.

रस्ताभर ती माझ्या मागे दोन पावलं चालत होती. मी वळून बघितलं की थांबायची. एका कोपऱ्यावर म्हणाली, "उद्या जाऊ या का?" मी तिचं मनगट धरलं ते दारापर्यंत सोडलं नाही.

तळघर गार होतं. पंख्यांची एकसारखी घरघर, लाकडाच्या भुश्श्याचा आणि औषधाचा वास. मोठ्या बाई ठेंगण्या, केस सगळे पिकलेले. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मीच सगळं सांगितलं. माझं बोलून होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी हाताने चाचपून मागचं स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. शिकल्यासवरल्या, पिकल्या केसांच्या बाईला असं बसताना पाहिलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लगेच धुतलं असतं, डॉक्टरांकडे नेलं असतं. अगं, मी काय तुला खाल्लं असतं का?"

भागू खाली मान घालून उभी.

"हे बघ. त्या उंदरांमध्ये माणसाच्या पेशी वाढतात कारण आपण मुद्दाम प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर घेतो. तुझ्या शरीरात प्रतिकारशक्ती आहे. परक्या माणसाच्या पेशी शरीर बहुतेक वेळा मारून टाकतं."

"बहुतेक वेळा?" भागूने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. "हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा."

मग त्या उठल्या आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक मंद लाल दिवा तेवढा होता. भागूने पट्टी सोडली. अंगठ्याचं टोक लालबुंद, सोललेलं, मध्ये जाड पिवळट टणक गोळा. तिने स्वतःच सराईतपणे डब्यात हात घातला. दिवा लागला, पडदा उजळला, आणि काळ्या अंगठ्याच्या टोकाशी तो ठिपका. ठिपका कसला, ढळढळीत चांदणीच ती. मी भागूची पाठ धरली, तर ती माझ्यापेक्षा स्थिर होती. तिने तो रोज पाहिला होता.

बाईंनी कॅमेऱ्यापुढची रंगीत काच बदलली. ठिपका तसाच. तिसरी काच लावली. तसाच. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आमच्या पेशी एकाच काचेतून दिसतात," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "हे सगळ्यांतून दिसतंय." मग अचानक माझ्याकडे वळून, "तुम्ही शिवणकाम करता ना? बोट द्या तुमचं."

"माझं?"

"सुई दाबता ते."

बोटावर अंगुस्तानाची टोपी घालायचा मला पहिल्यापासून कंटाळा. मधल्या बोटाच्या टोकाला इतक्या वर्षांचा घट्टा आहे, सुई टोचली तरी कळत नाही. मी बोट डब्यात घातलं. आतली पाटी ऊबदार होती, उंदरासाठी तापवलेली. दिवा लागला. आणि पडद्यावर माझं बोट पेटलं. भागूच्या अंगठ्याहून जास्त.

खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, तिच्याकडून मला आलं. मी रस्ताभर तिचं मनगट धरलं होतं. आणि आज सकाळीच ह्याच हाताने मी माऊचे केस विंचरले होते. त्या एका क्षणात माझ्या मनात जे जे आलं, ते भागू इतके दिवस एकटीने मनात घेऊन फिरत होती. मी हात असा झटकून बाहेर काढला की डब्याचं झाकण आपटलं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "जाड झालेली मेलेली कातडी आपोआप चमकते. त्यात काही नाही." त्यांनी भागूचा अंगठा उजेडात धरला. "ह्याला तू करतेस तरी काय?"

भागूने सांगितलं. रोज संध्याकाळी ब्रशने घासायची. पिंजरे धुवायच्या औषधाने. कधी कधी दोनदा. रक्त येईपर्यंत. वर मलम.

"घासून घासून तूच घट्टा पाडलास. जितका घासलास तितका तो चमकला, आणि जितका चमकला तितका तू घासलास."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. मला हसू फुटलं, म्हणजे हसूच असावं, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. भागू मात्र बाईंकडेच बघत होती. "म्हणजे आत काही नाही?"

"ते हा डबा सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "ह्या कातडीच्या उजेडाखाली काही असलं तरी ते झाकलं जाणार. ते कापूनच बघावं लागेल."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी अंगठा बधिर करून तो टणक तुकडा आणि खालचं थोडं मांस काढून तपासायला पाठवलं. बाई स्वतः बरोबर आल्या होत्या. निकालाला वेळ लागणार होता, आणि तो वेळ आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. मेहुणे गाडी अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या ताब्यात देऊन परत आले. ते मुळातच अबोल, तेव्हा तर मुकेच झाले. नळाला गळती नव्हती तरी दिवसभर पाना घेऊन नळ दुरुस्त करत बसायचे.

भागू माझ्याकडे दुकानात येऊन बसायची आणि एकेक गोष्ट सांगायची. "माऊला उकडलेलं अंडं आवडत नाही. जबरदस्ती करू नकोस, ओकते." मी मशीन चालवत राहायची. "तिच्या बुटाच्या डाव्या पायात मागून चावतं, कापूस घालावा लागतो." थोड्या वेळाने, "अंधारात झोपत नाही ती. ह्यांना वाटतं सवय लावावी. लावू देऊ नकोस."

"गप्प बस," मी म्हणायची. "तुझी पोर तू सांभाळ. मला माझे ब्लाउज पुरे आहेत."

"बरं," म्हणायची, आणि मग पुन्हा, "परीक्षेच्या आधी तिचं पोट दुखतं. खरंच दुखतं, नाटक नसतं."

एका बाईचा ब्लाउज मी त्या आठवड्यात उलटा शिवला. बाह्या पाठीकडे. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी पायाखालचं पेडल थांबवून तो तसाच हातात घेऊन बसले. मला बहीण जाणार याची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही की ती सांगते ते सगळं माझ्या लक्षात राहणार नाही.

निकाल बाईंनीच फोनवर कळवला. नुसती जाड झालेली कातडी, खाली साधी जखम, बाकी काही नाही. वर्षभर अधूनमधून दाखवत राहायचं. नोकरीही राहिली. समज मिळाली, आणि सुयांना हात लावायला बंदी झाली. भागूने फोन ठेवला आणि माझ्या कापडांच्या ढिगावर बसून ती जी रडायला लागली, ती रडतच राहिली. मी एकदाही चेष्टा केली नाही, हे तिने नंतर मला सांगितलं. मेहुणे तेव्हा माझ्या दुकानातला नळ दुरुस्त करत होते, त्यांनी हातातला पाना खाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. भागूने साबणाने हात धुतले होते, अंगठ्याला स्वच्छ पांढरी पट्टी होती. ती पलंगाच्या कडेला बसली, कंगवा आणि दोन रिबिनी घेऊन. सबंध दिवस तिने हेच मनात धरलं असणार. तिने हाक मारली, "माऊ, ये बाळा. वेणी घालते."

माऊ दारात उभी राहिली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताकडे पाहिलं.

"मावशी घालेल," ती म्हणाली.

"आता आईचा हात बरा झालाय. डॉक्टरांनी सांगितलं. बघ."

भागूने हात पुढे केला. माऊ मागे सरकली, दाराच्या चौकटीला पाठ लागेपर्यंत. दोन्ही हातांनी तिने आपले केस धरले. "त्या हाताने नको," ती म्हणाली. "तो वाईट हात आहे. तूच सांगितलंस."

भागूचा हात तसाच हवेत राहिला. मेहुणे काही बोलायला पुढे झाले, तर भागूनेच मानेने नको म्हटलं.

"बरं," ती लेकीला म्हणाली. "ह्या हाताने घालते. उजव्या. आणि मावशी इथेच बसेल तुझ्याजवळ. चालेल?"

माऊने बराच विचार केला. मग आली, माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे घुसून उभी राहिली आणि पाठ आईकडे केली. एका हाताने वेणी घालता येत नाही, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. भागूने डावा हात पाठीमागे पलंगावर ठेवला आणि उजव्या हाताने नुसते केस विंचरत राहिली, वरून खाली, हळूहळू, गुंता ओढला जाणार नाही अशा बेताने. भुलेतल्या उंदराजवळ ती अशीच बसत असेल, असं मला वाटलं.

पोरीने विंचरून घेतलं. पण कंगवा डोक्याला टेकला की दर वेळी ती डोळे मिटायची आणि माझ्या गुडघ्यावरची तिची बोटं आवळायची. भागूला ते मागून दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नाही.